मुका घेऊ नये

१२ मार्च, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. मी ठीक आहे. कार्यक्रमांचं निवेदन जोरात चालू आहे. लोक हसतात, संयोजक चहावर बोळवण करतात.

चिमीचा डोळा वाचला, ताप उतरला, हे भावोजींकडून कळलं. तू फोन उचलत नाहीस, ते बरोबरच आहे. तिच्या पहिल्या वाढदिवसाला पाळण्यावरच्या ‘मुका घेऊ नये’ या पाटीची मी चारचौघांत टर उडवली. "बाळ आहे की संग्रहालयातली फुलदाणी?" सगळे हसले. तूही कसनुशी हसलीस आणि पाटी काढलीस. त्याचीच माफी मागायला पत्र लिहायला बसलो होतो.

काल तुमच्या डॉक्टरीणबाईंना भेटलो. त्या म्हणाल्या, "कातडी स्वतःच पेप्टाइड नावाचे प्रथिनांचे बारीक तुकडे बनवते. विषाणू आला की ते त्याचं वेष्टण फोडतात. इसब असलेल्या कातडीत ते कमी पडतात. या विषाणूने मोठ्यांच्या ओठावर चार फोड येऊन जातात. तेच अशा बाळाच्या अंगभर पसरतात."

"कुणाकडून आलं?"

"बाळाच्या आई म्हणतात, सांभाळणाऱ्या मावशींकडून. काढलंय त्यांना."

मी मान डोलावली. ताई, मी चक्क मान डोलावली.

मावशींच्या ओठावर तू फोड पाहिला होतास का? नसणारच. भावोजी सांगत होते, त्या जाताना चिमीची दुपटी तेवढी वाळत घालून गेल्या.

फोड माझ्या ओठावर होता. वाढदिवसाच्याच संध्याकाळी माझा कार्यक्रम, आणि आमच्या धंद्यात लोक तोंडाकडेच बघतात, म्हणून रंगभूषेच्या डबीतला लेप वर थापला. तुम्हा कुणाला दिसला नाही. मग पाटी निघाली, हशा पिकला, आणि त्या भरात मी चिमीच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. गाल इसबाने लालबुंद होते. ते मला दिसत होते.

त्या फोडाची लागण होते हे ठाऊक नव्हतं, असं लिहिणार होतो. पण त्याच आठवड्यात मी बायकोला माझ्या पेल्याला हात लावू देत नव्हतो.

आता मावशींकडे निघालोय. हे पत्र तुला मिळेल तोवर त्यांना खरं कळलेलं असेल. मला दाराबाहेर ठेव, पण त्यांना परत बोलवायला तू स्वतः जा. त्या आल्या नाहीत, तर तोही दोष माझाच.

तुझा भाऊ,
आणि तू म्हणशील तेव्हाच चिमीचा मामा