गाडलेला ताग

१२ मे १९४४
शिवारभर धूर. भाताच्या रोपासाठी जो तो राब भाजतोय. शेण, पाला, फांद्या वाफ्यावर रचायच्या नि पेटवायच्या. आबांना म्हणालो, यंदा आपला नको. मातीत जिवंत जंतू असतात, डोळ्याला न दिसणारे. तेच पिकाला खाऊ घालतात. भाजले की मेले.
आबा : "न दिसणाऱ्या जित्राबाला दावं कुटं बांदायचं रं?" बांधावरचे सगळे हसले.
तरी ओढ्याकडचं खाचर दिलं. ताग पेरायचा, हिरवा असतानाच खत म्हणून गाडायचा, त्यावर भात. साधलं तर दिवाळीनंतर मला पुण्याला सोडायचं. माझ्या मित्राच्या, विनायकच्या खोलीत जागा आहे, दोघांनी मासिक काढायचंय.
आबा म्हणाले, "बगू."
दादा लढाईवर गेल्यापासून घरात हेच उत्तर.

२४ जून
मासिकासाठीची कथा सरकत नाही. नायक दारात उभा. महिना झाला, उभाच.
ताग कमरेला लागला. एक झाड उपटलं. मुळांवर बारीक गाठी, नखानं फोडली तर आत गुलाबी. जंतूंचं घर. वहिनीला दाखवलं.
"अगं बया, मुळांस्नी देवी आल्यात जनू!"
इतकं चांगलं वाक्य मला महिनाभरात सुचलेलं नाही.

२ जुलै
ताग गाडला. शेजारचे गणूतात्या बांधावरून ओरडत होते, "आरं, दोर हाय त्यो! वरसाचा कासरा चिकलात घातला की पोरानं!"
औत आबांनीच धरलं. पण ताग आडवा पडताना मान फिरवली. नांगराचं तास वाकडं गेलं.

१६ जुलै
लावण झाली. कुजक्या तागाचा वास अंगातून जात नाही. वहिनी वाढता वाढता लांब सरकली. "भावजी, ह्यो वास पुन्याला घिऊन जावा. अक्की खोली रिकामी मिळंल!"
हसलो.

६ ऑगस्ट
रोपं पिवळी. गणूतात्यांची काळीभोर. आबा बाजारालाही गेले नाहीत. माझ्यामुळे.

१० सप्टेंबर
फिरलं! खाचर असं हिरवं की बघवत नाही. गणूतात्या येऊन बसले. "पुडल्या साली मला बी शिकीव रं गड्या."
भाकरी खाताना आबा : "आता समद्या खाचरांत ह्येच. तू हाईस म्हून बरं हाय. आमाला काय ह्यातलं कळतंय?"
"आन् पुणं?"
"बगू की."
विनायकला काय कळवू.

१ ऑक्टोबर
वहिनी भांडी घासत होती. "भावजी, कशाला येवडं पिकवलंसा? बुडवलं असतं तर आबांनी कवाच हाकललं असतं तुमाला." चेष्टाच. पण वर बघितलं नाही तिनं.

४ ऑक्टोबर
भात फुलोऱ्यात. आत्ता पाणी तुटलं तर दाणा भरत नाही, नुसता पोचट. इथल्या कुणालाही ठाऊक.
बांधातल्या, खाचराचं पाणी बाहेर सोडायच्या मोरीपाशी उभा राहिलो. मोरी ढेकळांनी बुजवलेली. वरचं ढेकूळ पायानं हलवलं. बोटभर पाणी सुटलं, ओढ्याकडं निघालं. कुणाला न विचारता.
तेवढ्यात लांबून आबा. परगावचे दोघे बरोबर, खाचर बघायला आणलेले. माझ्याकडं हात करून, "ह्यो बगा, आमचा..." पुढचं वाऱ्यावर गेलं.
ढेकूळ परत बसवलं. घट्ट बसलं का, वाकून पाहिलं नाही.