कालवांच्या अंगातले विष ज्याचे त्याच्या नावावर करण्याबाबत

प्रति,
किनारा-जल गुणवत्ता अधिकारी,
बंदर कचेरी, दुसरा मजला.

विषय: कालवांत सापडलेले कथील अर्जदाराच्या नावावरून काढून गोदीमालकाच्या नावावर लावण्याबाबत.

संदर्भ: (१) आपली नोटीस, जिच्यात अर्जदारास 'घातक द्रव्याची धारक' असे संबोधले आहे. (२) अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज, जे आपल्या टेबलावर चहाच्या कपाखाली असल्याचे अर्जदाराने स्वतः पाहिले आहे.

महोदय,

हा शब्द पद्धत म्हणून लिहिला आहे. पुढचे सगळे मनापासून लिहिले आहे.

१. अर्जदार ही खाडीच्या मुखाशी कालवे वाढवते. सासऱ्यांच्या पश्चात वाटणी झाली तेव्हा होड्या दुरुस्तीची गोदी थोरल्या दिराकडे गेली आणि गोदीच्या खालच्या अंगाचे पाणी अर्जदाराच्या नवऱ्याच्या वाट्याला आले. पाणी वाट्याला आले म्हणून सगळे नातेवाईक तोंडाला पदर लावून हसले. नवरा जहाजावर नोकरीला. घरी येतो तो पाहुण्यासारखा, आणि भावाविरुद्ध एक शब्द काढत नाही. तेव्हा तराफे बांधणे, टोपल्या टांगणे, बी सोडणे, ओहोटीला कमरेइतक्या पाण्यात उभे राहून टोपल्या घासणे हे सर्व अर्जदाराने एकटीने केले, आणि ती कालवे चांगली होती. आपल्या कचेरीतील मंडळींनी ती फुकट खाल्लेली असल्यामुळे याला वेगळा पुरावा जोडलेला नाही.

२. होडीच्या बुडाला शेवाळ आणि शिंपा धरू नयेत म्हणून विशिष्ट रंग देतात. पूर्वी त्यात कथिलाचे एक संयुग घालत. ते इतके जहाल की बुडाला काही चिकटायचे नाहीच, पण आसपासही काही जगायचे नाही. म्हणून त्याच्यावर बंदी आली. दिराकडे तोच रंग अजून येतो. डब्यावर चिठ्ठी नवी, आत माल जुना. होडीमालक खूश, कारण बूड आरशासारखे राहते. काम झाले की ब्रश आणि फवारे थिनरमध्ये धुतात आणि ते थिनर गोदीच्या उतारावर ओततात. जुन्या रंगाची खरवड पाइप लावून पाण्यात लोटतात. हे सर्व ओहोटी लागल्यावर करतात, म्हणजे घाण गोदीपुढे न राहता सरळ अर्जदाराच्या टोपल्यांत येते. इतका विचार त्या माणसाने आयुष्यात दुसऱ्या कशाचा केलेला नाही.

३. आधी बी मेले. नखाएवढी बाळकालवे, सकाळी टोपली उचलावी तर सगळी तोंडे उघडी, आणि पाण्याला रंगाच्या दुकानासारखा वास. अर्जदाराने दुसरे बी सोडले, तेही गेले. मग मोठ्या कालवांची कवचे फुगू लागली. हातात घ्यावे तर दगडासारखे जड. फोडावे तर पापुद्र्यावर पापुद्रा, मध्ये बुळबुळीत पाणी, आणि मांस म्हणावे तर चिमूटभर. अर्जदार ते तसेच ओंजळीत घेऊन गोदीत गेली आणि म्हणाली, "भाऊजी, हे बघा काय झालंय."

दिराने बघितले नाही. तो म्हणाला, "कालवं म्हणजे कवचच की. कवच वाढलं तर तुझा फायदाच झाला."

त्या वेळी जाऊबाई तिथेच थिनरचे पिंप पुसत होत्या. त्यांनी मान वर केली आणि परत खाली घातली. वाटणीपासून आम्हां दोघींचे बोलणे नव्हते, त्यामुळे अर्जदारानेही त्यांच्याकडे पाहिले नाही.

४. अर्जदार मग महाविद्यालयात सागरी प्राणी शिकवणाऱ्या बाईंकडे गेली. बाई स्वतः आल्या, गुडघाभर चिखलात उतरल्या, कालवे पाहिली, आणि तराफ्याच्या खुंटांवरच्या शंखगोगलगायी गोळा करून घरच्या ओट्यावर भिंग घेऊन बसल्या. एकेक गोगलगाय उलटीसुलटी करून पाहिली. शेवटी म्हणाल्या, "ह्या सगळ्या माद्या आहेत. आणि ह्या सगळ्यांना नराचं इंद्रिय फुटलंय."

अर्जदारास वाटले आपण चुकीचे ऐकले. बाईंनी समजावले: ते कथील अत्यंत थोडे असले तरी गोगलगायीच्या शरीरातला नर-मादीचा हिशेब उलटा करते. मादीला नराचे अंग फुटते, अंडी बाहेर पडायची वाट बुजते, आणि अंडी आतच कुजून ती मरते. कालवांची कवचे जाड होणे हेही त्याचेच काम. बी मेले ते मात्र बहुधा थिनरने. "एक विष हळू मारतंय, दुसरं पटकन," बाई म्हणाल्या, आणि अर्जदाराच्या हातचा चहा न घेता हात धुऊन निघून गेल्या. त्यांनी तो का घेतला नाही हे अर्जदारास नंतर कळले. अर्जदाराची विहीर किनाऱ्यालगत आहे.

५. बाईंचा अहवाल आणि गोगलगायींची बरणी घेऊन अर्जदार आपल्यासमोर उभी राहिली. खुर्ची रिकामी होती. बसा म्हटले गेले नाही. आपण म्हणालात, "बाई, समुद्र केवढा मोठा आहे! त्यात बादलीभर थिनरनं काय होतंय?"

अर्जदार म्हणाली, "मग तुमच्या तांब्यात थेंबभरच टाकते, साहेब."

आपण तांब्यावर हात ठेवलात. साहेब, आपल्याला सगळे समजते हे अर्जदाराला त्याच क्षणी कळले.

त्यानंतर आपले लेखी उत्तर आले. त्यातील वाक्य अर्जदारास पाठ झाले आहे, म्हणून इथे उतरवते: 'सदर बरणीतील सर्व नमुन्यांस नर-इंद्रिय आढळून आल्याने त्यांत मादी नसल्याचे स्पष्ट होते, सबब माद्यांवर दुष्परिणाम झाल्याची तक्रार निराधार आहे.' हे वाक्य ज्याने लिहिले त्याला पगार मिळतो ही गोष्ट अर्जदाराच्या अजून गळी उतरत नाही.

६. अर्जदाराने पुन्हा अर्ज केला. आपण नमुनेवाला पाठवलात. तो इस्त्रीची पँट घालून आला, होडीत चढायला तयार होईना, आणि भर भरतीच्या वेळी कचेरीच्याच पायऱ्यांवरून बाटली बुडवून परत निघाला. अर्जदाराने त्याचा रस्ता अडवून विचारले की गोदीच्या तोंडचे पाणी का घेत नाहीस. तो बिचारा खरे बोलला: "ताई, साहेबांनी सांगितलंय, गढूळ पाण्यानं यंत्र खराब होतं." पाणी अर्थातच उत्तम निघाले. आपण अहवालात लिहिलेत, 'पोहण्यास योग्य.' आपण पोहायला या. वेळ ओहोटीची धरा.

७. तेव्हा महाविद्यालयाच्या बाईंनी अर्जदाराला सुचवले की पाणी वाहून जाते, कालवे वाहून जात नाहीत. कालव दिवसभर पाणी गाळते आणि त्यातले जे वाईट ते अंगात साठवते. कालवेच तपासायला लावा. अर्जदाराने वरपर्यंत तगादा लावला, वरून आपल्याला विचारणा झाली, आणि कालवे तपासली गेली. कथील सापडले. अर्जदार त्या दिवशी घरी येऊन रडली, आणि ते आनंदाने, हे लिहितानाही लाज वाटते.

मग आपली नोटीस आली. 'आपल्या ताब्यातील जलचरांत घातक द्रव्याचा साठा आढळला असून आपण विनापरवाना धारक आहात. सदर साठा बंदरातील अधिकृत घातक-कचरा परवानाधारकाकडे तात्काळ जमा करून पोच घ्यावी.' बंदरात असा परवाना एकाच इसमाकडे आहे. गोदीमालकाकडे. तो परवाना आपल्याच सहीचा आहे.

म्हणजे ज्याने विष ओतले त्याच्याच दारात अर्जदाराने ते डोक्यावरून नेऊन द्यायचे, आणि त्याने ते स्वीकारून अर्जदारावर उपकार करायचे! साहेब, असा विचार नुसत्या मूर्खपणाने सुचत नाही. त्याला ओळखपाळख लागते.

८. अर्जदाराने नोटीस पाळली. सगळ्या टोपल्या सोडवल्या, होडीत भरल्या, आणि गोदीच्या उताराला होडी लावली. दीर कमरेवर हात ठेवून उभाच होता. "आण, आण," तो रंगाऱ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "शेवटी आलीस ना माझ्याच दारी?" अर्जदाराने नोटीस काढून त्याच्यापुढे धरली.

गोदीचे लिहिणे-टिपणे जाऊबाई पाहतात. पोच त्यांनीच द्यायची होती. त्यांनी टोपल्यांकडे पाहिले, पेनचे टोपण काढले, आणि नवऱ्याला विचारले, "हे टाकणार कुठे?"

"कुठे म्हणजे? भरती आली की धक्क्यावरून."

"परत पाण्यातच?"

"मग काय डोक्यावर घेऊन नाचू? एवढ्याशानं काय होतंय?"

जाऊबाईंनी टोपण परत लावले. त्या हळूच म्हणाल्या, "पिंपं धुताना माझ्या नाकातून रक्त येतं, तेव्हाही तुम्ही हेच म्हणता."

गोदीतले सगळे हात थांबले. दीर हसायला गेला, पण रंगाऱ्यांपैकी कुणी साथ दिली नाही. एकाने तर तोंडावरचा फडका सोडला आणि आपल्या हातांकडे पाहत राहिला. जाऊबाई उठल्या, उतारावरून थेट खाली आल्या, आणि साडी भिजेल याचा विचार न करता अर्जदाराच्या होडीत टोपल्यांच्या मध्ये येऊन बसल्या. अर्जदाराच्या तोंडातून निघाले ते एवढेच, "ताई, सरकून बसा, कवचं लागतील."

त्या म्हणाल्या, "लागू दे. वल्हव तू."

९. सबब अर्जदाराची मागणी येणेप्रमाणे. कालवे परत तराफ्याखाली टांगली आहेत. ती खाण्याजोगी नाहीत, कधी होतील असे वाटत नाही, आणि ती विकणार नाही. परंतु त्यांच्यातले कथील अर्जदाराचे नाही. वाटणीत ते अर्जदाराच्या वाट्याला आलेले नाही. ते गोदीमालकाचे आहे, त्याच्या नावावर लावावे. त्याचा परवाना रद्द करावा. डबे उघडून तपासावेत, चिठ्ठ्या वाचून नव्हे. कोणता माल कुठल्या डब्यात आहे हे जाऊबाई सांगतील. त्यांचा जबाब सोबत जोडला आहे आणि तो त्यांनी स्वतःच्या हाताने, न अडखळता लिहिला आहे. नाकाचा दाखला डॉक्टरांकडून घ्यायचा आहे, तो मागाहून पाठवू. या वेळचा अर्ज आपल्याकडे आणि आपल्या वरिष्ठांकडे एकाच टपालाने जात आहे.

१०. आपला वेळ आणखी घेण्याचे कारण नव्हते, पण एक गोष्ट कळवणे भाग आहे. हे लिहीत असताना गोदीमालक अर्जदाराच्या दारात उभा आहे. प्रथम ओरडला, मग शेजाऱ्यांनी खिडक्या उघडल्यावर आवाज खाली आला. आता बायकोला म्हणतो आहे, "घरी चल, घरात पाणीसुद्धा कुणी भरलेलं नाही." जाऊबाई अर्जदारासमोर बसून मजकूर तपासत आहेत. त्यांनी मान वर न करता त्याला सांगितले, "आधी ते पाइप बंद करा. मग पाण्याचं बोलू."

त्याला आत बोलावलेले नाही. तो अजून उभा आहे.

नम्रता मागील अर्जांत संपल्यामुळे नुसत्याच आपल्या,

(सही) कालवेवाली, धाकटी सून
(सही) गोदीमालकाची पत्नी, थोरली सून

दिनांक: आपण पोचेचा शिक्का माराल तो. शिक्का मारेपर्यंत अर्ज आणणारी व्यक्ती कचेरीतून हलणार नाही.