चादरींचं मैदान

बुधवार, ११ मे
अवकाश स्थानकावरून

ती. दादा,

वाकून नमस्कार करायला इथे जमीन नाही, तेव्हा हा तरंगता नमस्कार गोड मानून घे. मी बरी आहे. वेळेवर जेवते, झोपतेही. केस बांधले नाहीत तर ते चारी बाजूंनी उभे राहतात. वहिनीने पाहिलं तर म्हणेल, "हडळ बरी!"

सावकाश वाच. अक्षरं तुला मीच शिकवली, आणि आता लांब वाक्य आलं की मलाच शिव्या घालतोस. म्हणून सोपं लिहिते आहे.

वरून पृथ्वी कशी दिसते, असं तू विचारलं होतंस. पहिल्यांदा खिडकीशी गेले तेव्हा काचेला नाक टेकवून बघत राहिले. ढग म्हणजे आपल्या हौदावरचा साबणाचा फेस. आणि पृथ्वीच्या कडेला, काळोख सुरू होण्याआधी, हवेची एक निळी रेघ. आबा पांढऱ्या कपड्यांना शेवटच्या पाण्यात नीळ देतात ना, तशी. हात जरा हलका पडला असता तर दिसलीही नसती. आपण सगळे तेवढ्या त्या रेघेत श्वास घेतो. मला आनंद झाला, पण त्याच्याआधी भीती वाटली. मुलाखतीत मात्र सगळे म्हणतात तेच मी म्हणाले, की वरून सीमा दिसत नाहीत, पृथ्वी म्हणजे एकच घर. ते खोटं नाही. पण अख्खं घर समोर असताना मी शोधत असते आपलं अंगण.

आणि ते मला सापडतं. आबा म्हणाले होते, "तू कॅमेरा लाव, मी चादरी लावतो." तू हसलास. तुला अजूनही वाटत असेल, की दिसलं असं मी म्हाताऱ्याचं मन राखायला म्हणते. तसं नाही, दादा. मोठ्या भिंगातून तळं काळं दिसतं, आणि त्याच्या काठाशी मिठाच्या खड्याएवढा एक पांढरा ठिपका. हॉस्पिटलच्या सगळ्या चादरी धुऊन आपण एकाच मैदानावर सुकवतो, म्हणून तेवढा तरी दिसतो. मी फोनवर सांगितलं तेव्हा आबा ओरडले होते, "मग कुठल्या रांगेत सुरकुती आहे ते सांग!" माणूस इतक्या उंचावर, म्हणजे आवाजही तेवढाच चढवायला हवा, असा त्यांचा हिशेब.

गेल्या आठवड्यापासून तो ठिपका नाही.

आधी वाटलं, ढग असतील. नव्हते. मग वाटलं, मी चुकीचं तळं बघते आहे. जुने फोटो काढून पडताळून पाहिलं, तळं आपलंच. मग वाटलं, वहिनीने हट्ट करून कपडे सुकवायचं मशीन आणवलं असेल. हॉस्पिटलने काम काढून घेतलं असेल. तसं असेल तर मला आनंदच होईल, बघ काय वेळ आली आहे.

रविवारी मी म्हटलं, आबांना दे. तू म्हणालास, "अगं, आत्ताच जेवून पडलेत."

"माझा फोन असताना?"

"वय झालं आता त्यांचं. तू तुझ्या कामाकडे बघ." आणि मग तू हसलास, विनोद कुणीच केला नव्हता तरी. मागे वहिनी काहीतरी बोलत होती, ती मधेच थांबली.

हॉस्पिटलला सुट्टी नसते, म्हणून आपल्यालाही कधी नव्हती. माझ्या आठवणीत मैदान एकदाच रिकामं राहिलं, आजी गेली तेव्हा.

घरचं काही वाईट असलं तर मला लगेच सांगायचं, असं आमच्या खालच्या कार्यालयाशी ठरलेलं आहे. त्यांनी काही सांगितलं नाही, म्हणजे तू त्यांनाही कळवलेलं नाहीस. का, ते मला कळतं. परवा मला स्थानकाच्या बाहेर पडून एक पंप बदलायचा आहे. पोरीचं लक्ष उडेल, असं तुला वाटलं असणार. पण मी एकटी नाही जात. सोबत मास्तर आहेत. सगळ्यांच्या चुका काढतात म्हणून आम्ही त्यांना मास्तर म्हणतो. त्यांचा जीव माझ्या हातात असेल. मन असं अर्धं घेऊन त्यांना "तयार आहे" कसं म्हणू? इथे डोळ्यांतलं पाणी खाली पडत नाही, दादा. डोळ्यांवरच साचून राहतं, आणि हेल्मेटच्या आत ते पुसता येत नाही. रडायचं असेल तर आधी रडून घेऊ दे. मग मी जायचं की नाही, हे मी आणि मास्तर मिळून ठरवू.

आबांची शिस्त तुला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. न निघालेला डाग घडीच्या आत लपवायचा नाही. घडी अशी घालायची, की गिऱ्हाइकाला तो आधी दिसेल. मी लहानपणी एकदा आत दडवला, तर त्यांनी मारलं नाही, अख्खा गठ्ठा माझ्याकडून पुन्हा उलगडून घेतला.

तुला तोंडाने सांगणं जड जाईल. लिहिणंही. म्हणून दोन्ही करू नकोस. उद्या तुमच्याकडे ऊन वर आलं, की आम्ही डोक्यावरून जाऊ. आकाश मोकळं राहील, मी विचारून घेतलं आहे. आबा असतील, मग अगदी अंथरुणाला खिळलेले का असेनात, तर मैदान भर. नसतील तर रिकामं ठेव. मला बरं वाटावं म्हणून चादरी पसरू नकोस. त्यांच्या मैदानावर खोटी चादर पडायला नको.

गठ्ठ्यांवरच्या खुणा वाचायला घरात कुणीतरी हवं, एवढ्यासाठी त्यांनी मला शाळेत घातलं होतं. मी वाचेन.

डाग वर ठेवून घडी घाल, दादा.

खिडकीशी थांबलेली,
तुमची धाकटी