पडीक म्हणून लिहिलेली तीस एकरं

४ डिसेंबर
तहसीलच्या फळ्यावर नोटीस. आमच्या सामुदायिक शेती सोसायटीची तीसच्या तीस एकरं ‘पडीक’ आहेत म्हणून बिगरशेतीची सूट मागितलीय. गाळे, मंगल कार्यालय, पेट्रोल पंप. अर्जदार कोण? आमचेच चेअरमन! सोसायटीची सचिव मी, आणि मला फळ्यावर वाचून कळतंय. विहिरीवर भिजणारी जमीन बिगरशेती करता येत नाही, असा कायदा आहे म्हणून मी निर्धास्त. पडीक जमिनीला त्यातून सूट आहे, हे आज कळलं. हरकतीला तीस दिवस. सोसायटीच्या नऊपैकी सात घरं ऊसतोडीला गेलेली. वेळ बरोबर साधली.

५ डिसें.
तलाठ्याकडे. सातबाऱ्यावर दुष्काळाची तिन्ही वर्षं : पड, पड, पड.
“ताई, तुमीच सांगितलं व्हतं की. मी कावून बदलू?”
खोटं नाही बोलला. पीकपाहणीला हा कधी शेतात आला नाही. आमच्या ओट्यावर बसून चहा प्यायचा, मी सांगेन ते लिहायचा. आणि मी पड सांगितलं. शेतात पीक दिसलं तर चारा छावणीत जनावरं घेत नव्हते. बाजरी पेरली होती, विहिरीच्या तळच्या पाण्यावर हिरव्या चाऱ्यासाठी कडवळही केलं होतं. पण त्यावर नऊ घरांचे बैल किती दिवस निघणार? ‘पड’ लिहिलं, छावणी मिळाली, एकही दावण कायमची रिकामी झाली नाही. तेव्हा सगळे म्हणाले, बाई लई हुशार. चेअरमनसुद्धा.

९ डिसें.
चेअरमनच्या घरी जाऊन आले. ह्यांचे मित्र, म्हणून मी भाऊजी म्हणायची. आजपासून बंद.
“वहिनी, समदं कायद्यात बसतंय. दर दोन वर्साला दुष्काळ. किती दिवस माती उकरायची? परत्येकाला गाळा भेटंल.”
ठराव दाखवला. सभा नोव्हेंबरातली. मी अंबाजोगाईला डोळ्याच्या ऑपरेशनला गेले होते तेव्हाची. गणसंख्या नाही म्हणून तहकूब, अर्ध्या तासाने तीच सभा पुन्हा. तेव्हा कितीही माणसं चालतात. चार जण होते, त्यातले दोन त्यांच्याच घरचे.
माझ्या डोळ्याला पट्टी बांधली तेवढ्यात गावाच्या डोळ्यात धूळ! तोंडावर म्हणाले मी हे. ते हसले. मी चहा तसाच ठेवून उठले.

१५ डिसें.
वकील म्हणतात, एकच वाट. ‘पड’ची माहिती खोटी होती, असं सचिवाने स्वतः लिहून द्यायचं. सचिवपद जाईल. गुन्हाही दाखल होऊ शकतो.
दोन दिवस जेवण गोड लागलेलं नाही. राग चेअरमनचा येतो, मग स्वतःचा येतो, मग पुन्हा...

१७ डिसें.
गंगाबाईचा फोन, उसाच्या फडातून. सोसायटीत तिची चार एकरं. तिला सगळं सांगितलं.
“बाई, तुमाला आत टाकतील की.”
“टाकतील.”
मागे कोयत्यांचा आवाज.
“लिवा म्हणून मी म्हणणार न्हाई. तुमी बी माझ्यावर ढकलू नका. पर गाळ्यात मी काय पेरू, तेवढं इचारा त्यास्नी.”

२० डिसें.
हरकत दाखल. जबाब सुनावणीत देईन म्हटलंय. खोटं सांगितलं होतं असं लिहून द्यायचं का, ते अजून नक्की नाही.

१८ जानेवारी
सुनावणी. शेतातला हरभऱ्याचा डहाळा उपटून नेला, पिशवीभर, मातीसकट. तहसीलदार साहेबांच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, ही तुमची पडीक जमीन.
साहेब : “हे या वर्षीचं. मला त्या तीन वर्षांचं सांगा.”
चेअरमन शेजारच्या खुर्चीत. माझ्याकडे बघत होते, मी लिहिणार नाही अशी खात्री असल्यासारखे.
लिहिलं. पीक होतं, मी पड सांगितलं, जनावरांसाठी सांगितलं. सही वळणदार आली.
साहेबांनी वाचलं. “म्हणजे तुम्ही तेव्हा खोटं बोललात. मग आत्ता खरं बोलताय कशावरून?”
म्हटलं, चला शेतात, विहीर बघा, जमीन बघा.
“कागदावर निर्णय होतो, बाई. निकाल कळवू.”
बाहेर आले तर व्हरांड्यात शिपाई आणि कारकून माझाच डहाळा सोलत बसलेले. घाटे दाताने फोडत कारकून म्हणाला, “दाणा भरलाय बरं का. कुठल्या रानाचा?”
सोसायटीचं नाव सांगितलं. गट नंबरही सांगितला, मोठ्याने, आत ऐकू जाईल असा.