बाबांचा घास

बुधवार, सप्टेंबर २०१६. वानाका, न्यूझीलंड.

आज तिसरा स्कीचा डोंगर, उद्या चौथा. सगळं आधीच बुक केलेलं, मधूनच ऑकलंडला परतायची सोय नाही. आज पितृपंधरवड्यातली बाबांची तिथी, हे काल रात्री आईच्या फोनवरून कळलं. तिला वाटतंय मी घरी आहे. "बाकी काही नको, एक घास बाहेर ठेव. कावळा नसेल तर जो पक्षी येईल तो."

वर कावळे नाहीत. किया आहेत, हिरवे, धीट, डोंगरी पोपट. आणि कॅफेबाहेर पाटी: कियांना खायला घालू नका.

सोबतचे मित्र बर्फात. मी भाड्याच्या बुटांत पाय आवळून त्या पाटीखाली उभा, हातात सँडविचचा तुकडा. एक किया थेट बुटापाशी आला आणि मान वाकडी करून बघत राहिला. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, "डोन्ट फीड हिम, मेट." मी मूठ मिटली. एका घासानं काय होणार होतं? पण पाटी समोरच होती.

बराच वेळ थांबून तो उडाला.

संध्याकाळी आईनं विचारलं, "शिवला का रे?"

"हो, लगेच."

ती रडायलाच लागली. म्हणाली, "म्हणजे त्यांचा तुझ्यावर राग नाही."

पक्षी तर आला होता. मूठ माझी होती.