कुरळोबाचे दहा केस

ता. ४ मार्च

चि. मोजपट्टीस, मावशीचे अ. आ.

तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. तब्येत ठीक, काम ठीक, हवा ठीक. इतकं सगळं ठीक असलेल्या माणसाची मला काळजीच वाटते.

इकडे घोळ झालाय. तू नोकरीसाठी गेलीस त्याच महिन्यात दुकानाच्या मागच्या दारातून तो बोका आत आला, माझा कुरळोबा. परातीतल्या पाण्यात बोट फिरवल्यावर उठतात तशा लाटा त्याच्या अंगभर आहेत. मिशा जळलेल्या दोऱ्यासारख्या वळलेल्या. केस कापायला येणाऱ्या बायका मला विचारतात, याचे तूच केलेस का गं? मी हो म्हणते, धंद्याला बरं असतं.

परवा एक घड्याळजी बायकोला घेऊन आले आणि दारातच थबकले. अशाच कुरळ्या मांजरांची जात ते घरी सांभाळतात. गेल्या वर्षी गाडीतून उतरवताना टोपलीतून एक पिल्लू पळालं, ते हेच, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, कुरळे केस माझ्याकडे रोज दहा जणी करून जातात. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. तपासणी करून घ्यायची, त्यांचा निघाला तर ते नेतील, नाही तर पुन्हा विचारणार नाहीत, असं ठरलं. मी तुझीच प्रयोगशाळा सुचवली. तेव्हा जरा बघ काय ते. तो गेला तर दुकान आवरल्यावर मी बोलायचं कोणाशी?

लोभ आहेच, तो जरा लांब पत्रांतून दिसू दे.

तुझी मावशी


ता. ९ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

‘जरा बघ काय ते’ याचा अर्थ मला कळला नाही. म्हणजे कळला, पण तो माझ्या कामात बसत नाही.

हा कुरळेपणा एका जनुकातल्या बारीकशा चुकीमुळे येतो. घड्याळजींकडची जात अशीच सुरू झाली. कोणे एके काळी साध्या मांजरीला पाच पिल्लं झाली, त्यातलं एक कुरळं निघालं. ही चूक आई आणि बाप दोघांकडून आली तरच केस वळतात. एकाकडूनच आली तर मांजर साधं दिसतं आणि चूक मुकाट्याने पुढे नेतं. तेव्हा आपल्याला दोन गोष्टी बघायच्या: कुरळोबाकडे तीच चूक दोन्हीकडून आली आहे का, आणि घड्याळजींची मांजरी त्याची आई आहे का. तिचे केस त्यांनी पाठवले आहेत.

त्याचे दहा केस पाठव. उपटून, मुळासकट, जे वाचायचं ते मुळाशी असतं. तुझा हात आधी कात्रीकडे जाईल, म्हणून मुद्दाम लिहिते.

नमुन्यावर नाव नसतं, क्रमांक असतो. सही आमच्या प्रमुख बाई करतात. निकाल येईल तोच कळवीन, आणि तो काहीही आला तरी माझ्यावरचा लोभ कमी होऊ नये.

तुझी, भाची


ता. १५ मार्च

चि. मोजपट्टीस अ. आ.

केस पाठवते आहे. मोजून दहा, मुळासकट. कात्रीला हातही लावला नाही.

दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा तो टॉवेलांच्या चळतीवर झोपतो. तिन्ही आरशांत तीन कुरळोबा झोपलेले, पंख्याची घरघर, उन्हात तरंगणारे केसांचे तुकडे. मला वाटतं आपण चौघे कुठल्यातरी तळ्याच्या बुडाशी आहोत. असं काही तुझ्या यंत्रात दिसतं का गं?

कामात जेवण विसरू नकोस. माया आहे तशीच असू दे.

तुझी मावशी


ता. २१ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तू पाठवलेल्या केसांची जनुकं साध्या मांजराची आहेत. दोन्हीकडून साधी. केस मात्र कुरळे.

म्हणून ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. खरा कुरळा केस उंचावरून पाहिलेल्या नदीसारखा दिसतो: कुठे जाड, कुठे बारीक, वळणं मनाला येतील तशी. या दहाही केसांचं वळण एकाच मापाचं आहे, सहा मिलिमीटर. तुझा सगळ्यात बारीक रोलर सहा मिलिमीटरचा आहे. शाळेतून आल्यावर जमिनीवर बसून ते मापाप्रमाणे लावायचं काम माझं होतं. मुळांना केस वळवायचं औषध लागू दिलं नाहीस, तेवढी माझी सूचना पाळलीस.

केस भगवे आहेत. शेजारच्या बेकरीवाल्यांच्या बोक्याचे असावेत.

‘पाठवलेला नमुना जुळत नाही’ असं मी लिहू शकले असते. वाक्य खरं होतं. ते कागदावर लिहून तासभर बघत बसले. मग फाडलं, आणि नमुना बाद म्हणून नोंदवला.

कुरळोबाचे केस पाठव. मी रागावलेली नाही, हेही खरं वाक्य आहे. लोभ असावा.

तुझी, भाची


ता. २६ मार्च

चि. मोजपट्टीस अ. आ.

तीस वर्षं बायकांचे केस वळवले, कोणी ओळखलं नाही. तुझ्यापुढे दहा केसांत पकडले गेले. बेकरीवाला विचारतो, माझ्या बोक्याच्या शेपटीपाशी टक्कल कसं पडलं? मी म्हटलं, वय झालं त्याचं.

तुझ्या नोकरीशी खेळले, त्याची लाज वाटते. तू गेल्यापासून तुझ्या खोलीचं दार लावून ठेवलं होतं. ते त्याने ढकलून उघडलं आणि पलंगावर जाऊन झोपला. तेव्हापासून मीही त्या खोलीत जाऊन बसते. एवढंच कारण आहे; ते तपासणीत धरत नसतील, माहीत आहे.

सोबतचे केस त्याचेच. उपटताना तो ओरडला नाही, फक्त माझ्याकडे बघत राहिला.

आता जे असेल ते लिही. मावशीवरची माया पातळ करू नकोस.

तुझी मावशी


ता. २ एप्रिल

ती. मावशीस सा. न. वि. वि.

चूक तीच आहे, दोन्हीकडून आलेली. घड्याळजींची मांजरी त्याची आई आहे. तपासणी दोनदा केली. दुसऱ्यांदा करायची गरज नव्हती.

बाई उद्या सही करतील आणि अहवाल तुम्हा दोघांच्या नावे निघेल. घड्याळजी परवाच्या आधी येणार नाहीत. हे पत्र मात्र मी आज सकाळच्या टपालात टाकते आहे, ते संध्याकाळपर्यंत पोचेल, म्हणजे तुला उद्याचा पूर्ण दिवस मिळेल. हे नियमात बसत नाही. बाईंना मी स्वतःच सांगणार आहे.

उद्या दुकान उघडू नकोस. त्याला कुठे लपवता येईल या विचारात एकही तास घालवू नकोस. तो झोपेल तिथे जाऊन बस, माझ्या खोलीत झोपला तर तिथे. घड्याळजींना विचार, येऊन भेटलेलं चालेल का. ते हो म्हणतील असं मला वाटतं, पण त्याला माझ्याकडे पुरावा नाही.

या मांजरांची लव विरळ असते, त्यामुळे अंगातली ऊब अडत नाही, थेट हाताला लागते. हे मी फक्त वाचलं आहे. कशी लागते ते लिही. चार ओळींत लिहू नकोस.

तुझा लोभ मला लागतो. तो असू दे.

तुझी, भाची