जिभेची कड

४ मार्च
माझ्या दातांच्या दवाखान्यात निळा दिवा दाखवायला कंपनीचा माणूस आला. निरोगी तोंड हिरवं चमकतं, बिघाड असेल तिथे काळं दिसतं, म्हणाला. दाखवायला कुणाचं तरी तोंड हवं होतं. ताई काउंटर सोडून आली.
"घ्या माझं. या दवाखान्यात एवढं चालणारं तोंड दुसरं नाही."
खोलीत अंधार केला. गाल हिरवे, हिरड्या हिरव्या. जिभेच्या डाव्या कडेला काळा डाग.
माणूस घाईनं म्हणाला, "साध्या सुजेनंही असं दिसतं, मॅडम."
ताई खुर्चीतून – "दिवा विकायला आलात की समजूत काढायला?"

५ मार्च
तिच्या दाढेचा कोपरा जिभेला घासत होता. गुळगुळीत केला. दोन आठवडे थांबायचं. दिवा ठेवून घेतला.

२० मार्च
साध्या उजेडात डाग पुसट. निळ्यात तसाच. तुकडा काढून तपासायला पाठवला. बाटलीवर तिचं नाव मीच लिहिलं.
"जिभेला हाड नाही म्हणून आईनं जन्मभर ऐकवलं," ताई म्हणाली. "आता मांसही घे काढून."

२७ मार्च
कर्करोग. लहान आहे.
तिला सांगितलं. "फोन वाजतोय," म्हणाली आणि उचलायला गेली. दुपारच्या पेशंटांच्या वेळा बदलून दिल्या. आवाज नेहमीचा.

२ एप्रिल
सर्जनकडे गेलो. डोळ्यांना दिसतं तेवढं आणि भोवतीचं थोडं काढलं तर बोलणं फारसं बिघडणार नाही, तो म्हणाला. मी दिवा नेला होता. निळ्या उजेडात काळी सावली पार मागे, जिभेच्या मुळाकडे गेलेली.
"तिथवर काढा."
"तिथे नुसती सूजही असेल. आधी तिथला तुकडा तपासू."
"एक तुकडा स्वच्छ आला म्हणून बाकीचं स्वच्छ ठरत नाही." मला थांबायचं नव्हतं.
"तिथवर गेलो तर बोलणं जाईल," तो ताईला म्हणाला.
ताईनं माझ्याकडे बोट केलं. "ही सांगेल तसं. आमच्या घरात शिकलेली ही."

९ एप्रिल
झालं. सावलीच्या कडेपर्यंत काढलं.

१६ एप्रिल
फोन मीच उचलते. "ताई नाहीत का?" प्रत्येक जण विचारतो. येतील, म्हणते. अंघोळ, औषध, नळीतून दूध – तिचं सगळं खुणेनं चालतं. रागावते तीही खुणेनं. तेवढं मात्र लगेच कळतं.

२१ एप्रिल
आज बोलली. कळलं नाही. पुन्हा म्हणाली. मी "हो" म्हटलं. तिनं मान भिंतीकडे वळवली. होकार मागत नव्हती ती.

२३ एप्रिल
सर्जनचा फोन. अहवाल आला. रोग पुढच्या लहानशा भागातच होता. मागचं जे मी काढायला लावलं, त्यात नुसती सूज.
"चांगली बातमी आहे," तो म्हणाला. "सगळं निघालं."
फोन ठेवला. ताई माझ्या तोंडाकडे बघत होती.
"सगळं निघालं," मी म्हटलं.